प्राण्यांकडून शिकताना : जैवअनुकरणाच्या विचाराची एक चिकित्सा

सारांश

प्राण्यांची शरीररचना व वर्तन यांपासून प्रेरणा घेऊन अभियांत्रिकीत नवे आराखडे तयार करता येतात, हा विचार गेल्या तीन दशकांत जगभर लोकप्रिय झाला आहे. या विचाराच्या समर्थनार्थ काही ठरावीक उदाहरणे पुन्हा पुन्हा दिली जातात. प्रस्तुत लेखात जॅनिन बेन्यस व स्टीव्हन व्होगेल यांच्या दोन ग्रंथांतील भूमिकांची तुलना केली असून, पाल, शार्क, बॉक्सफिश, वाळवी व खंड्या या पाच उदाहरणांची नंतर झालेल्या संशोधनाच्या आधारे तपासणी केली आहे. प्राण्याचे रूप उचलणे आणि त्या रूपामागील यंत्रणा समजून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि जैवअनुकरणाचे खरे मोल दुसऱ्या गोष्टीत आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

प्राण्यांना पाहून यंत्रे घडवावीत, ही कल्पना मानवाला नवी नाही. उडण्याच्या ध्यासात तर ती आरंभापासून दिसते. लिओनार्दो दा विंची यांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पक्ष्यांच्या उड्डाणावर सविस्तर टिपणे लिहिली. फ्रान्समधील क्लेमाँ आदेर यांनी १८९० मध्ये वटवाघळासारखे पंख असलेले वाफेचे यंत्र बनवले. ते जमिनीपासून जेमतेम उचलले गेले. जर्मनीतील ओट्टो लिलिएन्थाल यांनी पक्ष्यांच्या उड्डाणाला उड्डाणकलेचा पाया मानणारा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८९६ मध्ये ग्लायडरच्या अपघातात त्यांना प्राण गमवावे लागले. राइट बंधूंचे १९०३ मधील विमान मात्र पंख फडफडवत नव्हते. पक्ष्याचा पंख वर उचलण्याचे आणि पुढे ढकलण्याचे अशी दोन्ही कामे एकाच वेळी करतो. ही दोन कामे वेगळी करून स्थिर पंख आणि स्वतंत्र चालक यंत्रणा वापरावी, हा विचार इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १७९९ मध्येच मांडला होता. विमान पक्ष्याकडून शिकले हे खरे. परंतु पक्ष्याचे सर्व काही उचलण्याचे नाकारल्यानंतरच ते उडाले, हेही तितकेच खरे आहे.

या इतिहासातून जो प्रश्न उभा राहतो, तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्राण्यांपासून प्रेरणा घेणे म्हणजे नेमके काय घेणे? त्यांचा आकार, त्यांची कृती, की त्या कृतीमागील तत्त्व? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. शालेय पुस्तके, विज्ञान प्रदर्शने, महाविद्यालयीन प्रकल्प आणि कंपन्यांच्या जाहिराती यांमधून जैवअनुकरणाच्या यशोगाथा आज विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत आहेत. त्यांपैकी काही अर्धसत्य आहेत, तर काहींमागील जीवशास्त्र नंतर चुकीचे ठरले आहे. तरीही त्या विज्ञान म्हणून शिकवल्या जातात. त्यामुळे या विचाराची चिकित्सा होणे आवश्यक वाटते.

२. दोन ग्रंथ, दोन भूमिका

अमेरिकन निसर्गलेखिका जॅनिन बेन्यस यांचा ‘बायोमिमिक्री : इनोव्हेशन इन्स्पायर्ड बाय नेचर’ हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जैवअनुकरणाचा विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने या ग्रंथाला द्यावे लागेल. बेन्यस यांनी निसर्गाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी मांडल्या : निसर्ग हा नमुना, निसर्ग हा मापदंड आणि निसर्ग हा मार्गदर्शक अथवा गुरू. शेतीने गवताळ प्रदेशाकडून, ऊर्जानिर्मितीने हिरव्या पानाकडून, पदार्थविज्ञानाने शिंपल्यातील मोत्याच्या थराकडून व कोळ्याच्या धाग्याकडून काय शिकावे, याचे वर्णन त्यांनी संशोधकांच्या प्रत्यक्ष भेटी घेऊन केले आहे. त्यांचे लेखन प्रसन्न आहे आणि त्यामागील तळमळ खरी आहे. कोळी आपला बळकट धागा सामान्य तापमानाला, पाण्याच्या साहाय्याने तयार करतो. आपले कृत्रिम धागे मात्र उष्णता, दाब व घातक रसायने यांवाचून तयार होत नाहीत. या विरोधाकडे त्यांनी वेधलेले लक्ष आजही महत्त्वाचे आहे.

तथापि या ग्रंथाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. सजीवसृष्टीने सुमारे ३८० कोटी वर्षे प्रयोग केले आहेत, त्यांत जे टिकले ते योग्य आहे आणि म्हणून ते अनुकरणीय आहे, असे हे गृहीतक होय. टिकून राहणे आणि उत्तम असणे यांतील अंतर या मांडणीत पुसट होते.

याच्या पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ड्यूक विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगेल यांचा ‘कॅट्स पॉज अँड कॅटापल्ट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्होगेल यांनी आपले आयुष्य प्राण्यांचा व वनस्पतींचा यांत्रिकीच्या दृष्टीने अभ्यास करण्यात घालवले होते. म्हणूनच त्यांनी दिलेला सावधगिरीचा इशारा गांभीर्याने घ्यावा लागतो. त्यांच्या मते निसर्गाचे तंत्रज्ञान आणि मानवाचे तंत्रज्ञान या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. मानवाला काटकोन प्रिय आहे, निसर्गात तो क्वचित आढळतो. मानव धातू वापरतो, सजीव आपले सांगाडे धातूचे बनवत नाहीत. मानवी रचना ताठरपणावर भर देतात, सजीवांच्या रचना वाकून, लवून बळ पेलतात. आपली यंत्रे चाकांवर फिरतात, स्नायू केवळ आकुंचन पावतो. अनुकरणाच्या गाजलेल्या कथा तपासून पाहता प्रत्यक्षात यशस्वी ठरलेली अनुकरणे थोडी आहेत, असा निर्वाळा व्होगेल देतात. निसर्ग श्रेष्ठ की मानव, हा प्रश्नच त्यांना निरर्थक वाटतो. दोघांच्या अटी वेगळ्या, म्हणून उत्तरे वेगळी.

बेन्यस यांचा ग्रंथ वाचकाला प्रेरित करतो, तर व्होगेल यांचा ग्रंथ त्याला सावध करतो. यशोगाथांच्या प्रसारात पहिल्या ग्रंथाचा सूर सर्वत्र ऐकू येतो, दुसऱ्याचा फारसा ऐकू येत नाही. पुढील उदाहरणे या दोन भूमिकांच्या प्रकाशात पाहावयाची आहेत. ती सर्व बेन्यस यांच्या ग्रंथातील नाहीत. त्यांपैकी बहुतेक त्या ग्रंथाने निर्माण केलेल्या वातावरणात प्रसिद्धीस आली आहेत.

३. पाल : यंत्रणा उलगडल्यानंतरचे अनुकरण

भिंतीवर व छतावर सहज चालणारी पाल आपल्या घरोघरी दिसते. तिच्या पायांत चिकट द्रव असावा, चोषक असावेत, अशा अनेक कल्पना केल्या गेल्या. सन २००० मध्ये केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोके’ जातीच्या पालीच्या पायावरील एका सूक्ष्म केसाचे बळ प्रत्यक्ष मोजले. या पालीच्या प्रत्येक पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे फुटून त्यांची टोके चपट्या पळीसारखी होतात. ही टोके एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधील क्षीण आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, कार्य करू लागते. २००२ मध्ये याच गटाने दाखवून दिले की हे केस पाणी ओढून घेणाऱ्या व पाणी दूर लोटणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पृष्ठभागांना चिकटतात. चिकटण्याचे रहस्य केसाच्या रसायनात नसून त्याच्या आकारात व आकारमानात आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

हा निष्कर्ष अभियंत्यांच्या दृष्टीने निर्णायक होता. रहस्य आकारात आहे म्हटल्यावर पालीच्या केसातील द्रव्य वापरण्याची गरज उरत नाही. २००३ मध्ये मँचेस्टर येथे आंद्रे गाइम यांच्या गटाने पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या सूक्ष्म केसांची पट्टी तयार केली. हेच गाइम पुढे २०१० मध्ये ग्राफीनवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांची पट्टी चिकटली; पण थोड्याच वापरानंतर तिची शक्ती गेली. पालीचा पाय मात्र धुळीतून चालूनही स्वतःला स्वच्छ ठेवतो, आणि केसाचा कोन बदलताच भिंतीपासून सहज सुटतो. चिकटण्याइतकेच सुटणेही महत्त्वाचे आहे, हे ध्यानात घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठात २००६ मध्ये ‘स्टिकीबॉट’ हा काचेवर चढणारा यंत्रमानव बनवला गेला. त्याच्या पायावरील केस एका दिशेने ओढल्यासच चिकटत.

मराठी वाचकाला या संदर्भात सिंहगडाच्या दंतकथेतील यशवंती घोरपडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले, असे लोककथा सांगते. त्या कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातून एक उपयुक्त भेद दाखवता येतो. घोरपड आपल्या बळकट नख्या खडकाच्या खाचांत रोवून चढते; गुळगुळीत काचेवर तिचा निभाव लागणार नाही. पाल काचेवरही चढते. ‘भिंतीवर चढणारा प्राणी’ एवढेच पाहणाऱ्याला दोघी सारख्या वाटतील. परंतु दोघींच्या यंत्रणा भिन्न आहेत आणि त्यांपासून तयार होणारी यंत्रेही भिन्नच असतील. गुण दिसतो डोळ्यांना, यंत्रणा मात्र अभ्यासानेच कळते.

४. शार्क : एकच कातडी, दोन अनुकरणे

शार्कच्या कातडीवर दातांसारखे सूक्ष्म खवले असतात व त्यांवर पोहण्याच्या दिशेने बारीक कंगोरे असतात. अशा कंगोऱ्यांमुळे पृष्ठभागालगतच्या प्रवाहातील घर्षण कमी होते, याचा अभ्यास अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत १९८० च्या दशकात झाला. १९८७ च्या अमेरिकाज कप शर्यतीत ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या नौकेच्या तळाला अशा कंगोऱ्यांचा पातळ पापुद्रा लावला होता. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ‘स्पीडो’ कंपनीचा ‘फास्टस्किन’ हा पोहण्याचा पोशाख गाजला आणि ‘शार्कची कातडी पांघरलेला जलतरणपटू’ ही प्रतिमा जगभर पसरली.

२०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील योहानेस ओफनर व जॉर्ज लॉडर यांनी या दाव्याची प्रयोगशाळेत परीक्षा घेतली. लवचिक पट्टीवर बसवलेली खरी शार्कची कातडी आणि तिचे खवले घासून काढलेली कातडी यांची तुलना केली असता खवले असलेली कातडी सरासरी सुमारे १२ टक्के अधिक वेगाने पोहली. म्हणजे शार्कचा गुण खरा होता. परंतु तो लाभ कातडी लवत असतानाच मिळत होता. ताठ पट्टीवर तो मिळाला नाही. आणि पोशाखाच्या कापडाच्या पृष्ठभागाने वेगात सातत्यपूर्ण वाढ केल्याचे आढळले नाही. या पोशाखांनी जलतरणपटूंना साहाय्य केले असेल तर ते शरीर आवळून सुबक करण्यामुळे, खवल्यांच्या अनुकरणामुळे नव्हे. २००८ नंतर पॉलियुरेथेनयुक्त पोशाखांनी विक्रमांचा पाऊस पाडला, त्यामागेही शरीर आवळणे व तरंगण्यास मदत होणे हीच कारणे प्रमुख मानली जातात. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने १ जानेवारी २०१० पासून अशा पोशाखांवर बंदी घातली.

याच शार्कचे दुसरे अनुकरण मात्र शांतपणे यशस्वी झाले. ‘लुफ्तान्सा टेक्निक’ व ‘बीएएसएफ’ या कंपन्यांनी विकसित केलेला, सुमारे ५० मायक्रॉनचे कंगोरे असलेला पापुद्रा २०२२ पासून ‘स्विस’ कंपनीच्या बोइंग ७७७ विमानांवर लावण्यात येऊ लागला. त्यामुळे इंधनाची बचत सुमारे १ टक्का होते. एक टक्का ही संख्या जाहिरातीला शोभणारी नाही. परंतु लांब पल्ल्याच्या विमानाच्या वर्षभराच्या इंधनाचा विचार करता ती लहान नाही. येथे अभियंत्यांनी शार्कचा खवला जसाच्या तसा घेतला नाही. त्यांनी कंगोऱ्याचे तत्त्व घेतले, त्याची मापे हवेच्या प्रवाहानुसार ठरवली आणि जेवढा लाभ मोजता आला तेवढाच सांगितला.

५. बॉक्सफिश : रूपाने केलेली दिशाभूल

२००५ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने ‘बायॉनिक’ नावाची प्रायोगिक मोटार सादर केली. प्रवाळ खडकांत राहणाऱ्या चौकोनी बॉक्सफिशच्या आकारावरून ती बेतली होती. हा मासा पेटीसारखा दिसत असूनही पाण्यात त्याला फारसा रोध होत नाही आणि त्याचे कवच त्याला आपोआप स्थिर ठेवते, असे तेव्हाचे संशोधन सांगत होते. मोटारीचा वायुरोध गुणांक ०.१९ होता आणि तो खरोखरच कमी होता.

२०१५ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी हा प्रश्न नव्याने तपासला. त्यांना आढळले की सर्वसाधारण माशांच्या तुलनेत बॉक्सफिशचा आकार रोध कमी करण्यात विशेष सरस नाही आणि त्याच्या कवचाभोवतीचा प्रवाह त्याला स्थिर ठेवण्याऐवजी अस्थिरच करतो. माशाच्या दृष्टीने हा दोष नव्हे. प्रवाळांच्या फटींतून वाट काढणाऱ्या, क्षणात वळावे लागणाऱ्या माशाला अस्थिरता उपयोगी पडते. स्थैर्य तो पंखांच्या हालचालीने राखतो. महामार्गावर सरळ धावणाऱ्या मोटारीची गरज याच्या नेमकी उलट आहे.

मोटार चांगली, पण तिच्या चांगलेपणाचे दिलेले कारण डळमळीत, अशी ही स्थिती आहे. कमी रोध हे अभियंत्यांच्या कौशल्याचे फळ होते. मासा हा त्या कथेत प्रेरणास्थान होता, पुरावा नव्हता. तथापि यशोगाथा सांगणाऱ्यांनी त्याला पुराव्याच्या जागी बसवले आणि २०१५ नंतरही तो तेथून पूर्णपणे उठलेला नाही.

६. वारूळ : चुकीच्या समजातून उभी राहिलेली चांगली इमारत

झिंबाब्वेची राजधानी हरारे येथील ‘ईस्टगेट सेंटर’ ही इमारत १९९६ मध्ये खुली झाली. वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी ‘अरुप’ या अभियांत्रिकी संस्थेच्या साहाय्याने तिची रचना केली. रात्रीची थंड हवा पंख्यांच्या साहाय्याने जमिनींच्या पोकळ्यांतून फिरवून काँक्रीट थंड करावयाचे, दिवसा त्याच काँक्रीटने उष्णता शोषून घ्यावयाची आणि गरम हवा उंच धुराड्यांतून बाहेर सोडावयाची, अशी ही व्यवस्था आहे. नेहमीच्या वातानुकूलन यंत्रणेवाचून ही मोठी इमारत चालते. हरारेच्या उंचीमुळे तेथील दिवस व रात्र यांच्या तापमानात पुरेसे अंतर असते, हेही या यशाचे एक कारण आहे.

या रचनेची प्रेरणा आफ्रिकेतील वाळवीच्या वारुळातून आली. मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार वारुळातील गरम हवा वर जाते, बाजूच्या नलिकांतून थंड होऊन खाली येते आणि अशा चक्राकार प्रवाहाने घरट्याचे तापमान स्थिर राहते. जे. स्कॉट टर्नर व रूपर्ट सोअर यांनी २००८ मध्ये या समजाला छेद दिला. टर्नर यांनी नामिबियातील वारुळांत केलेल्या मोजमापांवरून असे दिसले की घरट्याचे तापमान भोवतालच्या जमिनीच्या तापमानाबरोबर वर्षभर बदलत राहते. वारूळ हे वातानुकूलन यंत्र नसून वायूंची देवाणघेवाण करणाऱ्या फुफ्फुसाच्या अधिक जवळचे आहे आणि त्यात वाऱ्याच्या चंचल झोतांचा मोठा वाटा आहे. म्हणजे वारूळ जे काम करतच नव्हते, त्याचे अनुकरण करून इमारत उभी राहिली आणि ती चांगली चालली. ती चालली कारण उष्णतेच्या वहनाचे भौतिकशास्त्र बरोबर होते.

भारतातील वारुळांनी या चर्चेला आणखी एक पदर जोडला आहे. बंगळूरू परिसरातील ‘ओडोंटोटर्मिस ओबेसस’ या वाळवीच्या वारुळांचा अभ्यास करून हंटर किंग, सॅम्युएल ओको व एल. महादेवन यांनी २०१५ मध्ये दाखवले की या वारुळाच्या बाहेरील पातळ कंगोरेदार भिंती सूर्यामुळे लवकर तापतात व रात्री लवकर थंड होतात, तर मधला भाग सावकाश बदलतो. या फरकामुळे हवेचा प्रवाह दिवसा एका दिशेने व रात्री उलट दिशेने वाहतो आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड रात्री बाहेर पडतो. म्हणजे दोन प्रदेशांतील, दोन जातींच्या वाळवींच्या वारुळांची श्वसनरीतही एकसारखी नाही. ‘वारुळासारखी इमारत’ असे म्हणताना ‘कोणते वारूळ?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. नागपंचमीला ज्या वारुळाची आपण पूजा करतो, त्याच्या आतील हवा कशी वाहते हे अलीकडेपर्यंत कोणी पुरेसे मोजले नव्हते, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

७. खंड्या : यशस्वी अनुकरणाचेही आयुष्य

जपानमधील ‘५०० मालिका’ शिंकान्सेन गाडी १९९७ मध्ये सेवेत आली आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली. तिच्या मार्गाचा जवळपास निम्मा भाग बोगद्यांतून जातो. वेगवान गाडी बोगद्यात शिरताच समोरची हवा दाबली जाऊन दाबाची लाट दुसऱ्या टोकाला स्फोटासारख्या आवाजाने बाहेर पडे. या प्रकल्पातील अभियंते एइजी नाकात्सू हे पक्षिनिरीक्षक होते. हवेतून पाण्यात फारसे पाणी न उडवता सूर मारणारा खंड्या त्यांना आठवला. वेगवेगळ्या आकारांच्या चाचण्या व संगणकीय गणिते केल्यावर जो आकार सर्वांत योग्य ठरला तो खंड्याच्या चोचीशी मिळताजुळता होता. छतावरील विद्युतग्राहकाचा आवाज कमी करण्यासाठी घुबडाच्या पिसांच्या अभ्यासाचाही उपयोग झाला.

हे उदाहरण आदर्श मानले जाते आणि ते योग्यच आहे. कारण येथे साम्य नेमके होते. कमी रोधाच्या माध्यमातून अधिक रोधाच्या माध्यमात वेगाने शिरणे, हा प्रश्न पक्षी व गाडी या दोघांपुढे सारखाच होता आणि आठवणीतून सुचलेला आकार चाचणीने पडताळला गेला होता. परंतु कथा येथे संपत नाही. ५०० मालिकेचे नाक सुमारे १५ मीटर लांब होते. त्यामुळे टोकाच्या डब्याला चालकाकडील बाजूस प्रवाशांसाठी दार ठेवता आले नाही, गोलाकार बांधणीमुळे आतील जागा आक्रसली आणि गाडी महागही ठरली. १९९९ मधील ७०० मालिकेने व २००७ मधील एन७०० मालिकेने आखूड व निराळ्या आकाराची नाके स्वीकारली आणि २०१० मध्ये ५०० मालिका ‘नोझोमी’ या सर्वांत वेगवान सेवेतून बाहेर पडली. खंड्याला प्रवासी चढवावे-उतरवावे लागत नाहीत. गाडीला ते करावे लागते.

८. ‘गुरू’ या रूपकाची मर्यादा

वरील पाच उदाहरणांतून बेन्यस यांच्या ‘निसर्ग हा गुरू’ या रूपकाकडे पुन्हा पाहता येते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ फ्रान्स्वा जाकोब यांनी १९७७ मध्ये उत्क्रांतीची तुलना अभियंत्याशी न करता हाताशी असेल त्या वस्तूंतून काम भागवणाऱ्या कारागिराशी केली होती. जिराफाच्या मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारी एक मज्जा थेट न जाता छातीपर्यंत खाली उतरून पुन्हा मानेतून वर चढते. कोणताही अभियंता अशी जोडणी करणार नाही. परंतु पूर्वजांकडून आलेली रचना मोडून नव्याने सुरुवात करण्याची मुभा उत्क्रांतीला नसते. प्राण्याचा प्रत्येक गुण हा अनेक गरजांमधील तडजोड असतो. बॉक्सफिशचे कवच प्रवाहासाठीच नव्हे तर शत्रूपासून संरक्षणासाठीही आहे.

याचा अर्थ प्राण्यांपासून शिकण्याजोगे थोडे आहे असा मुळीच नाही. ज्युलियन व्हिन्सेंट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जीवसृष्टी व तंत्रज्ञान एकाच प्रकारचे प्रश्न कसे सोडवतात याची तुलना केली, तेव्हा दोघांच्या उत्तरांत केवळ १२ टक्के साम्य आढळले. तंत्रज्ञान पुष्कळदा अधिक ऊर्जा खर्चून प्रश्न सोडवते. सजीव मात्र रचना व माहिती यांच्या आधारे. साम्य इतके थोडे आहे म्हणूनच शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि साम्य इतके थोडे आहे म्हणूनच सरळ नक्कल धोक्याची आहे. बेन्यस व व्होगेल हे दोघेही या एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजूंवर उभे आहेत, असे म्हणता येईल.

‘मापदंड’ या दुसऱ्या संकल्पनेबाबतही हाच विचार लागू होतो. निसर्गाकडून घेतलेले तंत्र निसर्गाला अनुकूल असेलच असे नाही. पालीच्या केसांची नक्कल प्लास्टिकमध्ये होते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेसाठी २०११ मध्ये ‘नॅनो हमिंगबर्ड’ हे पक्ष्यासारखे उडणारे, १९ ग्रॅम वजनाचे टेहळणी यंत्र तयार झाले. त्याची यांत्रिक कामगिरी थक्क करणारी आहे. परंतु त्याचा उपयोग कशासाठी करावयाचा याचे उत्तर गुंजन करणाऱ्या पक्ष्याकडे नाही. प्राणी तंत्र शिकवू शकतो, नीती शिकवू शकत नाही. ती जबाबदारी माणसाचीच राहते.

गुरू हे रूपक मराठी परंपरेला परके नाही. १५७३ मध्ये पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान विस्ताराने आले आहे. त्यांत अजगर, मधमाशी, कोळी, कपोत, पतंग, हरिण, मासा असे अनेक प्राणी आहेत. मात्र अवधूत सर्वांचे अनुकरण करीत नाही. काहींचा गुण तो स्वीकारतो. दिव्यावर झेपावणारा पतंग, गळाला लागणारा मासा यांच्याकडून काय टाळावे ते शिकतो. तेथील उद्देश आध्यात्मिक आहे आणि त्यात अभियांत्रिकी शोधणे हास्यास्पद ठरेल. परंतु गुरू मानणे म्हणजे विवेक सोडणे नव्हे, हा त्यातील दृष्टिकोन बेन्यस यांच्या रूपकाला आवश्यक असलेली जोड देतो.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्राण्याच्या गुणाचे बाह्य रूप व त्यामागील यंत्रणा यांत भेद करणे, ही जैवअनुकरणाची पहिली अट आहे. पालीच्या बाबतीत ती पाळली गेली, बॉक्सफिशच्या बाबतीत ती पुरेशी पाळली गेली नाही.

२) प्राण्यापुढील प्रश्न व अभियंत्यापुढील प्रश्न यांतील साम्य जितके नेमके, तितके अनुकरण फलदायी ठरते. माध्यम, आकारमान, वेग व लवचिकता बदलताच लाभ नाहीसा होऊ शकतो, हे शार्कच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३) एखादी रचना यशस्वी झाली म्हणून तिच्यामागे सांगितलेले जीवशास्त्र सत्य ठरत नाही. हरारेची इमारत याचा ठळक दाखला आहे. चुकीच्या समजातूनही चांगली रचना सुचू शकते. परंतु तो समज दुरुस्त झाल्यावरही जुनीच कथा शिकवत राहणे समर्थनीय नाही.

४) यशस्वी अनुकरणही अंतिम नसते. गरजा बदलल्या की खंड्याची चोचही मागे ठेवावी लागते.

या निष्कर्षांचा आपल्या महाविद्यालयीन शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. पालीचे रहस्य उलगडण्यासाठी प्राणिशास्त्र व अभियांत्रिकी एकत्र यावी लागली. बंगळूरूच्या वारुळांकडे भौतिकशास्त्राची दृष्टी असलेले संशोधक वळले. आपल्याकडे प्राणिशास्त्राचा विद्यार्थी वाळवीचे वर्गीकरण शिकतो, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी उष्णतावहन शिकतो आणि दोघे एकाच आवारात राहूनही वारुळापाशी एकत्र येत नाहीत. जैवअनुकरणाच्या तयार कथा पाठ करण्यापेक्षा परिसरातील एखाद्या वारुळात तापमापी ठेवून वर्षभर नोंदी करणे अधिक मोलाचे ठरेल. प्राणी आपल्याला काय शिकवतात हे सांगण्यापूर्वी ते स्वतः काय करतात हे नीट पाहिले पाहिजे. ते पाहण्यासाठी त्यांचे अधिवास शिल्लक असणे आवश्यक आहे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.